अकरा नंबरचं वायफाय अन् दीपकची सोयरीक

मु. वडनेर भोलजी,
पोळ्यानंतरचा बुधवार

चि. इंद्रभान यास विमलताईचा पोटभर आशीर्वाद. सुभद्राले अन् लेकराइले मायेचा हात. पाठ दुखते म्हणत होता, ती आता कशी आहे? खुर्चीत बसून बसून दुखते ती. इकडं ये, आठ दिवस कपाशी निंदायले लावते, पाठ आहे का नाही तेच विसरशील. इथं आम्ही सगळे खुशाल. तुहे भाटवे (म्हणजे आमचे हे, महादेवराव) जरा जास्तच खुशाल आहेत, ते पुढं येईलच.

फोन सोडून ताई कागद काऊन काळा करून राह्यली, असं म्हणशील. तं बाबू, फोनवर मी दोन वाक्यं बोलली का तू 'ताई, आवाज कटून राह्यला' म्हणून फोन ठेवतोस. (आवाज खरंच कटते का तूच कापतोस, हे देवाले ठाऊक.) कागदाचा आवाज कटत नाही. म्हणून चहा घेऊन बस अन् शेवटपर्यंत वाच. खरं काम शेवटीच आहे.

पहिला दोष तुह्याच माथी, कारण ते अकोल्याचं स्थळ तूच सांगतलं. आमच्या दीपकचं तुले नवीन नाही. पोरगं सुपारीलेसुद्धा शिवत नाही, बोलायले गोड, विहिरीले पाणी, तरी पोरगा शेती करते म्हटलं का पाहुणे अर्धा चहा ठेवून उठतात. त्याइचंही काही चुकत नाही म्हणा. गुलाबी बोंडअळी आली त्या सालापासून कपाशीच्या भरवशावर कोण पोरगी देईल? एका पाहुण्यानं तं तोंडावर सांगतलं, की पोरगा चपराशी असता तरी दिली असती. त्या दिवशी दीपक जेवला नाही. भूक नाही म्हणे. मी माय आहे, मले कळते कोणाले भूक आहे अन् कोणाले नाही.

अन् मंग तुहं हे स्थळ. पोरगी जयमाला, घरी बसून कम्प्युटरवर पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिनं जमीन इचारली नाही, सोनं इचारलं नाही, सासू कशी आहे तेही इचारलं नाही (ते इचाराले पाहिजे होतं). एकच इचारलं, तुमच्या घरी वायफाय नीट चालते का? शेतकरी नवरा चालते, खेडं चालते, पण मीटिंगमधी चित्र थांबलं तं नोकरी जाते, अन् नोकरी मी सोडणार नाही. तं ठरलं असं, की रविवारी दुपारी ती व्हिडिओवर येणार अन् दीपकनं आमच्या मागच्या खोलीतून, जिथं पुढं तिचं टेबल राहणार, तिथं बसून बोलायचं. चित्र थांबलं नाही तं पुढची बोलणी. तुहे भाटवे घुश्श्यात. म्हणे, विहीर पाहाले नाही, कपाशी पाहाले नाही, डब्बा पाहाले येऊन राह्यले लोक! (आमच्याकडे त्या वायफायच्या यंत्राले सगळे डब्बाच म्हणतात. तू काही वेगळं म्हणत असशील तं ते पुण्यातच ठेव.)

त्याची तालीम आम्ही तुह्यावरच केली होती, आठवते? तू भजं हातात घेऊन आम्हाले पुण्याच्या पावसाचं सांगत होता. भजं तोंडापाशी गेलं, तोंड उघडलं, अन् तिथंच तू थांबला. डोळे अर्धे मिटलेले, भजं अधांतरी. तुहे भाटवे लय वेळ पाहत बसले अन् मंग म्हणाले, साळेबुवा लग्नातही असेच दिसत होते. (हे सुभद्राले वाचून दाखवू नको. नाही तं दाखव, तिलेही आठवत असेल.) आम्ही हसलो, पण दीपकचं तोंड उतरलं. भजं थांबलं तं थांबलं, रविवारी जयमाला अशी थांबली तं?

मंग त्यानं मोबाईलवर काहीतरी उतरवून घेतलं. त्यात गल्लीतले सगळे वायफाय नावासकट अन् नंबरासकट दिसतात. पाहते तं काय, अख्खी गल्ली सहा नंबरच्या चॅनलवर! केबलवाल्यानं सगळ्याइले एकाच नंबरवर बसवून देलं अन् गेला. आपली घरं भिंतीले भिंत लागून. एकाच पांदणीत सगळ्याइनं बैलगाड्या घातल्यावर जे होते, ते आमच्या डोक्यावर हवेत होऊन राह्यलं होतं, अन् बाजूच्या पांदणी मोकळ्या! दीपकनं सेटिंगमधी जाऊन आपला डब्बा अकरावर नेला. अव माय! असं नेट सुटलं म्हणून सांगू. तुह्या पोरीच्या बारशाचा व्हिडिओ मी पहिल्यांदाच न थांबता पाहिला, अन् तेव्हा मले दिसलं का सगळ्या बायकाइत माहीच साडी फिकी होती. त्याच्यावर नंतर बोलू.

आता अशी गोष्ट घरात ठेवायची का नाही? पण तुह्या भाटव्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. चहाच्या हॉटेलात गेले, मांडी घातली, अन् अकरा नंबरचं असं वर्णन केलं जसं काही यायनंच ते वावरात पिकवलं. दिवेलागणीले पाहते तं सगळी गल्ली अकरावर. अन् आमचं चित्र परत ठप्प.

तुले आपल्या लोकाइची रीत मालूम आहे. एका साली शेजारच्या नजीरभाईची कपाशी बोंडाइनं लदली, तं दुसऱ्या साली कृषी केंद्रावर सगळ्याइले तीच थैली पाहिजे. जमीन हलकी का भारी, पाणी आहे का नाही, काही इचारणं नाही. नजीरभाईनं घेतली ना? मंग तेच बियाणं द्या! अन् मंग अळी आली का तीही सगळ्याइकडे एकदमच येते. तसंच हे. कडूबानं तं (आपला पलीकडचा, बारक्या मिशीचा) केबलवाल्याले फोन लावून सांगतलं, का माहा डब्बा परत ने अन् मले अकरा नंबरचा आणून दे.

दीपक गुपचूप सहावर परत आला, कारण सहा आता रिकामं पडलं होतं. चांगलं चाललं. दुसऱ्या दिवशी कडूबानं इचारलं, महादेवराव, आता कोणतं चालू आहे? अन् यायनं सांगून देलं! मी चिडली तं म्हणे, शेजाऱ्याले खोटं कसं सांगू? (मोताळ्याच्या बाजारात बैल विकताना त्याचं वय सांगायची पाळी येते, तेव्हा हे खरेपण कोणत्या खुंटीले टांगतात, ते मी इचारलं नाही.) झालं, दिवेलागणीले सगळी गल्ली सहावर. रविवार जवळ येऊन राह्यला अन् आम्ही पुढं, गल्ली मागं.

मंग मी ठरवलं का हे काम बायकाइनंच हाती घ्यावं. दीपकले म्हटलं, तू एकावर जा अन् बापाले सांगू नको. अन् मी भिंतीपाशी जाऊन नजीरभाईच्या घरच्या सबीहाभाबीले साखर घोळून सांगतलं, का आम्ही तं बाप्पा सहावरच सुखी आहो, तुम्हीही तिथंच राहा. तिनं मान डोलावली. मोबाईल काढला. दीपकवालं तेच तिनंही उतरवून घेतलं होतं, त्यात पाहिलं. अन् एकदम गरिबासारखं मले इचारलं, "विमलबाई, मंग हे एकावर 'महादेवराव पाटील वडनेरकर' लिहेल आहे, हे कोण होय?"

तुह्या भाटव्यानं डब्ब्याले स्वतःचं नाव देल्लं आहे, तेही आडनाव-गावासकट, हे मी पार विसरून गेली होती.

मी तिथंच भिंतीले टेकून खाली बसली. मंग काय लपवायचं? सगळं सांगतलं. अर्धे चहा ठेवून उठलेले पाहुणे, तो चपराशीवाला, दीपकचं न जेवणं, जयमाला, रविवार. थोडी रडलीही, तुले म्हणून सांगते. सबीहा ऐकत राह्यली अन् मंग मलेच रागावली. "बस, इत्तीच बात? पहिले काऊन नाही सांगतलं? दीपक काय एकट्या तुमचाच आहे का?"

अन् बाबू, रविवारी नजीरभाई स्वतः घरोघरी फिरले. पोरीचा व्हिडिओ होईपर्यंत सगळ्याइनं डब्बे बंद ठेवायचे, असं सांगत. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती, तरी कोणी नाही म्हणलं नाही. कडूबा तेवढा कुरकुरला, पण शेवटी डब्बा वायरीसकट उपटून काखेत मारूनच आला. म्हणे, घरी ठेवला तं पोट्टे चालू करतीन. अन् घरी नेट नाही म्हटल्यावर लोकाइले घरी काम काय? सगळी गल्ली आमच्या आंगणात, आंगणातून मागच्या खोलीत. दीपक मधी बसलेला, जसं काही त्याचं ऑपरेशन आहे.

वेळ झाली. लॅपटॉप उघडला. नुसता गोल गोल फिरून राह्यला. नेटच नाही! दीपकले घाम फुटला. तेव्हा तुहे भाटवे मागून शांतपणे म्हणाले, "गल्लीले बंद करायले लावायचं अन् आपलं चालू ठेवायचं, हे शोभते का? मी सगळ्यात पहिले आपलाच बंद केला."

मी काय बोलली ते कागदावर लिहिता येत नाही. डब्बा चालू करायले गेलो तं यायनं वायर कोणती कुठची काढली तेच आठवेना. दीपकच्या मोबाईलची रेंज त्या खोलीत येत नाही. तेवढ्यात नजीरभाईनं आपला मोबाईल टेबलावर ठेवला, त्याचंच नेट चालू करून देलं, अन् जयमाला पडद्यावर आली. चष्मा, साधी वेणी, तोंडावर हसू नाही. तिनं पाहिलं तं दीपकच्या मागं पंधरा-वीस मुंडकी, अन् सगळ्यात पुढं कडूबा, काखेत डब्बा. साहजिक तिनं इचारलं, हे एवढे लोक कोण?

दीपक खरं सांगाले लागला. मी मागून चिमटा काढला तरी थांबला नाही. म्हणे, हे आमचे शेजारी आहेत, तुमच्यासाठी आपापलं नेट बंद करून आले आहेत. आमचंही बंद आहे, ते चुकून. आता जे चालू आहे ते नजीरचाचाच्या मोबाईलवर. म्हणून आमचं वायफाय कसं आहे, ते मले आज खरं सांगता येत नाही. एवढं माहीत आहे, का सगळे एका नंबरवर आले का ते अडते.

अन् चित्र थांबलं.

पोरगी हालेना. पापणी लवेना. नजीरभाई मोबाईल उचलून खिडकीपाशी धरू लागले. कडूबानं काखेतला डब्बा डोक्यावर उचलून धरला, जशी काही त्यातूनच रेंज निघणार होती. तुह्या भाटव्यानं डोळे मिटून घेतले. मले वाटलं, गेलं, हेही स्थळ गेलं. अन् तेवढ्यात तिनं चष्मा काढला अन् ओढणीनं पुसला. चित्र थांबलंच नव्हतं रे बाबू. पोरगी आमच्याकडे पाहून राह्यली होती.

मंग ती बोलली, अन् आमच्याशी नाही, गल्लीशीच बोलली. म्हणे, बंद कोणीच करू नका. एक, सहा अन् अकरा, हे तीन नंबर एकमेकाइले अडत नाहीत. नजीरचाचा एकावर, तुम्ही सहावर, हे डब्बेवाले काका अकरावर, पुढच्या घरापासून परत एक. अन् कोणाचं चांगलं चाललं म्हणून आपला नंबर बदलायचा नाही. नजीरभाईनं त्याच दिवशी दारादारावर खडूनं नंबर लिहिले. लग्नाचं मात्र ती पक्कं काही बोलली नाही. विचार करून दीपकले कळवते म्हणे. त्याले तीन दिवस झाले. पोरगं रोज सकाळी वावरात जाते, दुपारी विनाकारण घरी येते, मोबाईल पाहते अन् परत जाते. मी काही इचारत नाही. जेवते तेवढं पाहते.

असं आहे सगळं. हात दुखला आता. लेकराइले सांग, आत्याच्या वावरातले मूग वाळवून ठेवले आहेत, घ्यायले या.

तुही ताई,
विमल

ता. क. आता खरं काम. त्या पोरीच्या ऑफिसात घरी बसून काम करणाऱ्या लग्नाच्या पोरी अजून आहेत का, ते तपास कर. कडूबाचे दोन पोट्टे आहेत. नजीरभाईनंही आपल्या पोरासाठी, मतीनसाठी, त्याइच्यातली कोणी असली तं, हळूच इचारलं. बाकीची गल्ली आळीपाळीनं दारात येऊन उभी राहते. सगळ्याइले तिथलंच स्थळ पाहिजे, त्याच ऑफिसातलं! हसू नको बाबू. या एका गल्लीत बिनलग्नाचे पोट्टे किती झाले, ते मोजायचं मले भेव वाटते.

ता. क. आणखी एक. त्या बारशाच्या साडीचं मी विसरली नाही.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहून राह्यली. जयमालाचा निरोप आला! म्हणते, 'नेट अडलं तरी चालेल, मी येते. टेबल खिडकीपाशी ठेवा.' दीपक सकाळपासून ते टेबल इकडून तिकडं सरकवून राह्यला आहे, अन् सकाळपासून तीनदा जेवला. निरोप तिनं सोमवारीच पाठवला होता, आम्हाले आज भेटला. हॉटेलात कोणीतरी सांगतलं का तेरा नंबर लय भारी चालते, म्हणून तुह्या भाटव्यानं आमचा डब्बा गुपचूप तेरावर नेला होता, अन् दीपकचा मोबाईल तेरा पकडतच नाही, घरी डब्बा आहे म्हणून त्यात नेटचं रिचार्जही त्यानं टाकलं नव्हतं.