बिनसब्ज्याचा पेला

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर आवाज चढवला तरी मला गप्प करायला घरात कुणी मोठं माणूस उरलेलं नाही. मोठं माणूस आता मीच. म्हणून लिहायला बसले. परवा माझ्या नातवानं फ्रीजमधून एक पिवळी बाटली काढली. इटलीहून आणली म्हणे. सगळे जेवायला बसलेले, मुलगा, सून, नातसून. त्यानं अंगठ्याएवढ्या पेल्यांत ती ओतली आणि पहिला पेला माझ्यापुढं धरला. "घे आजी, लिंबाची आहे, गोड आहे, काही होत नाही." नातसूनही घेत होती, सगळ्यांसमोर, हसत, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मी पेला नाकापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे आणि त्याला कारण तुम्ही आहात.

ही वस्तू आपल्या घरात, तापीकाठच्या त्या खेड्यात, दारूबंदीच्या ऐन दिवसांत होत होती. इटलीचं नावही ऐकलेलं नव्हतं अशी माझी माय ती करत होती. तुमचा सालदार खापर गावच्या बाजाराला गेला की सरकीच्या पोत्याखाली मोहाची दारू, पहिल्या धारेची, घेऊन यायचा. माय तिचा एक थेंब चुलीत टाकायची. निळा जाळ उठला तरच ठेवून घ्यायची, नाहीतर परत. मग विहिरीजवळच्या झाडाची पिवळी झालेली कागदी लिंबं. त्यांची साल ती इतकी पातळ काढायची की खालचं पांढरं सालीला लागायचं नाही. पांढरं आलं की कडू होतं, एवढं एकच ती मला सांगायची आणि माझ्या हातातला चाकू काढून घ्यायची. सालं चिनी बरणीत, वर मोहाची, तोंडाला फडकं, आणि बरणी धान्याच्या कोठीमागं अंधारात. सालींचा रंग उतरून पाणी सोनेरी झालं की गाळायचं, खडीसाखरेचा पाक करून, पार थंड करून त्यात घालायचा. पाक पडला की ते सोनेरी पाणी बघता बघता दुधी व्हायचं. मला ती जादूच वाटायची. आणि गोडी बरोबर झाली का हे बघायला ती तुम्हाला आत बोलवायची, कारण ती स्वतः ते जिभेला लावत नव्हती. एकदाही नाही. तुम्ही बोट बुडवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आजून एक खडा टाक."

बाहेर तुम्ही दारूबंदीवर भाषणं करत होता हेही सांगूनच टाकते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. शहाद्याहून साहेब आले, कापसाचे व्यापारी आले, की ओट्यावर सतरंजी पडायची आणि तुम्ही आत तोंड करून म्हणायचे, "लिंबूपाणी लई या वं." त्यातलं कुणाला कुठलं द्यायचं हे मायनं ठरवून ठेवलं होतं. दिसायला दोन्ही दुधीच. म्हणून खऱ्या सरबतात ती सब्जा टाकायची आणि त्या दुसऱ्यात टाकायची नाही. सब्जा फुगून वर तरंगत असला की तो पेला बायकांचा, म्हाताऱ्यांचा, माळकऱ्यांचा. बिनसब्ज्याचा पेला तुमच्या माणसांचा. मी ताट घेऊन जायची आणि कधीच चुकले नाही. ओट्यावरची माणसं मिशा पुसत म्हणायची, आबा, तुमच्यासारखं लिंबूपाणी जिल्ह्यात नाही. तुम्ही मान डोलवायचे. आत माय चुलीशी बसून ऐकायची.

मग नदीवरून शेतात पाणी उचलायची ती योजना आली. तुम्हाला ती हवी होती, केळी लावायची होती, गावालाही हवीच होती, त्यात मला काही खोट काढायची नाही. पण लोक पुढं होत नव्हते. म्हणून तुम्ही एकाच दिवशी दोन माणसांना बोलावलं. एक मंजुरी देणारे साहेब. दुसरे ते खादीवाले गुरुजी, ज्यांच्या शब्दावर दहा गावं चालायची आणि ज्यांनी किती तरी लोकांकडून दारू सोडल्याच्या शपथा घेतल्या होत्या. साहेबांना तुमचं लिंबूपाणी पाहिजे होतं. गुरुजी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. एकाच्या पेल्यात सब्जा आणि दुसऱ्याच्यात नाही, हे गुरुजींच्या नजरेत येईल अशी तुम्हाला भीती वाटली. तुम्ही आत आलात. मी तिथंच उभी होते, बारा वर्षांची, ताट धरून.

"दोन्हीमां सब्जा टाक," तुम्ही म्हणालात.

माय म्हणाली, "दोन्ही एकसारखं दिसनं ते वळखसूत कसं?"

"मी लई जास ना ताट. तू माले शिकाडू नको."

तिनं टाकला. तुम्ही चमच्यानं ढवळला आणि म्हणालात, उजवीकडचा साहेबांचा. माझ्या हातातलं ताट घेऊन ओट्यावर गेलात. मी दाराच्या फटीतून बघत होते. साहेब जवळ बसलेले, गुरुजी पलीकडं. पण थोरल्याला सोडून आधी धाकट्याला पेला द्यायचा हे तुमच्या हाडात नव्हतं. तुम्ही साहेबांना ओलांडून गुरुजींपुढं वाकलात, वाकताना ताट फिरलं आणि तुम्हाला ते कळलंही नाही. गुरुजींनी उन्हातून आलेल्या माणसासारखा एका दमात अर्धा पेला घेतला. मग खोकला. डोळ्यांत पाणी. पेला नाकाशी नेऊन त्यांनी तो खाली ठेवला, अगदी हळू. साहेबांच्या हातात खरं सरबत होतं, ते बिचारे तोंड वाकडं करून पीतच होते. गुरुजी म्हणाले, "हे काय आहे?" ओट्यावर जमलेला सारा गाव त्या पेल्याकडं बघायला लागला.

आबा, मी हजार वेळा त्या क्षणापाशी परत गेले आहे. साहेबांचं नाव घेतलं असतं तर योजना गेली असती, मान्य. मग स्वतःचं घ्यायचं होतं. म्हणायचं होतं, माझा पेला होता, चुकून आला. चार दिवस लोक बोलले असते आणि विसरले असते. पुरुषाचं लोक विसरतात. तुम्ही काय केलं? आत तोंड करून ओरडलात, "आठे ये!" माय डोक्यावरचा पदर ओढत उंबऱ्याशी आली. एवढ्या माणसांसमोर ती आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली. आणि तुम्ही गुरुजींना म्हणालात, "काय सांगू, हिला पोटदुखीचा त्रास आहे. कुठूनतरी आणवते आणि लपूनछपून घेते. आज स्वयंपाकघरात घोटाळा झाला." घरात जन्मभर अहिराणी बोललात, पण हे मात्र अगदी शुद्ध शाळेतल्या मराठीत सांगितलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं माय आता बोलेल. ती तुमच्याकडं बघत होती. तुम्ही सतरंजीच्या दोऱ्यांकडं बघत होता.

गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, लेकरंबाळं आहेत. सोडून द्या." आणि मला पुढं बोलावलं. मायचा हात माझ्या डोक्यावर ठेवायला लावला. तो हात मला अजून जाणवतो, लिंबानं चरचरलेला, गार. ती म्हणाली, "आजपासून मी दारूले शिवणार नही. मन्ही पोरनी आन शे." लोकांनी बरं झालं बरं झालं केलं. तिची शपथ बघून आणखी दोघातिघांनी तिथंच शपथ घेतली. योजना झाली. तापीचं पाणी आलं, केळी उभ्या राहिल्या, तुम्हाला हार घातले.

आणि माय? त्या श्रावणात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी भाऊबंदांच्या बायका आपल्या घरी गहू निवडायला जमल्या. दरवर्षी पहिलं सूप मायच्या हातात असायचं. काकूनं ते तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. "तुम्ही ऱ्हाऊ द्या, आम्ही करी लेसूत." देवीच्या गव्हाला पिणाऱ्या बाईचा हात नको, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो सगळ्यांना कळला. तुम्ही अंगणात होता. तुम्ही ऐकलंत. रोट झाल्यावर ताट पुढं ओढून जेवलात. पुढं किती तरी वर्षं ती त्या दिवशी मागच्या दारी भांडी घासत बसायची. मी तिच्याशेजारी बसायची. मला राग यायचा तो मी राखेवर काढायची.

दोनेक महिन्यांनी तुम्ही पुन्हा लिंबाची टोपली आत पाठवलीत, हे तुम्हाला आठवतं का? माझ्यासमोर ती म्हणाली, "मी आन लिधी शे." तुम्ही हसलात. "ती आन खोटी व्हती. तू कधी पेती का?" त्यावर ती जे बोलली ते मी आयुष्यभर सांभाळलं आहे. "बोलनं तुम्हनं खोटं व्हतं. डोकं मन्ही पोरनं शे, ते खरं शे." लिंबांचं तिनं लोणचं घातलं. तुम्ही किती तरी दिवस तिच्याशी बोलला नाहीत. जिनं तुमचं नाक वाचवलं तिच्यावर रुसून बसलात!

माझं लग्न झालं, मी शहाद्याला गेले. काही वर्षांनी मायला खोकला लागला तो हटेना म्हणून मी माहेरी आले. डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं होतं, काळ्या बाटलीतलं. मी चमचा भरून तिच्या तोंडाशी नेला. चुलीतल्या निळ्या जाळानं पारखणारं तिचं नाक, तिनं एकदाच वास घेतला आणि मान फिरवली. "यामां ती शे." मी विनवलं, माय, औषध आहे. ती माझ्या डोक्याकडं बघायची आणि ओठ मिटायची. तेव्हा मी तुमच्याकडं आले. तुमचे पाय धरले. म्हटलं, आबा, तिला सांगा, लोकांसमोर सांगा की ती कधी पीत नव्हती, पेला तुमचा होता, म्हणजे ती आन सुटेल. ओट्यावर चार माणसं बसली होती. तुम्ही चौकटीला हात लावून उभे राहिलात, मायकडं बघितलंत, ओट्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "डॉक्टरले इचारी दुसरं लई येवूत." दुसरं आलंही. त्या चमच्यानं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की ती दारू पिणारी बाई म्हणून गेली, आणि तिच्या तोंडाला मरेपर्यंत थेंब लागला नव्हता.

शेवटची वर्षं तुम्ही माझ्याकडं काढलीत. मी सगळं केलं, जेवण, अंथरूण, पाय चेपणं. एका उन्हाळ्यात दुपारी तुम्ही विचारलंत, "तुले येस का वं ते करता? लिंबूनं?" मला येत होतं. मी सरबत केलं, त्यात मूठभर सब्जा टाकला आणि पेला तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही त्या फुगलेल्या दाण्यांकडं खूप वेळ बघत राहिलात. मला वाटलं, आता बोलतील. घरात मी एकटीच होते, आता तरी बोलतील. तुम्ही पेला संपवलात आणि म्हणालात, "तुन्ही माय भारी करे." बस. सगळा जिल्हा ज्यासाठी मिशा पुसत होता, त्याचं तिला मिळालेलं श्रेय हे एवढं, तेही बंद खोलीत, ती गेल्यावर. हे तुम्ही ओट्यावर बोलायचं होतं, आबा.

म्हणून परवा जेवण झाल्यावर मी नातवाला आणि सुनांना बसवून सगळं सांगितलं. पेला कुणाचा होता ते सांगितलं, तुमचं नाव घेऊन सांगितलं. नातसून रडली. काकूची नातवंडं गावात आहेत, त्यांनाही येत्या कानबाईला जाऊन सांगणार आहे. मी त्यांना म्हटलं, आबांच्या फोटोला हार घालायचा तर घाला, पण आधी ऐका. मायचं नाव मला धुऊन काढायचं आहे आणि माझ्याकडं आता फार दिवस नाहीत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी तुम्ही उत्तर दिलं नसतं. फाडून टाकीन बहुतेक. एक गोष्ट मात्र घरात कुणाला सांगितली नाही, ती इथं लिहून ठेवते. तो पेला नाकाशी नेला तेव्हा मला मायचा हात आठवायला हवा होता. पण आधी आठवलात तुम्ही. पाहुणे गेल्यावर ओट्यावर मला मांडीवर घेऊन गोष्ट सांगणारे, उपरण्याला लिंबाचा तो गोड वास येणारे. माय नंतर आली. याचाच मला सगळ्यांत जास्त राग आहे.