लाकडी कान

सुगत,

प्रिय लिहिणार नाही.

तुझ्या हौशी हॅम रेडिओवरचे मोर्सचे आवाजी संकेत मला कळेनात, तेव्हा चारचौघांत म्हणालास, "हिचे कान लाकडी आहेत." घटस्फोटानंतर मी आधी पाठांतराचा तुझा टिंब-रेघांचा तक्ता फाडला. टिंबं मोजत बसलं की पुढचं अक्षर निसटतं. महापेच्या कंपनी बसमध्ये रोज हेडफोन लावून मोर्स नुसता ऐकत राहिले, गाण्याच्या चालीसारखा. परीक्षा दिली, हॅमचं लायसन्स काढलं.

आज शिरवण्यातल्या माझ्या गच्चीवर रेडिओ सेट लावला, तर पलीकडे तूच! शेवटची रेघ अजून तशीच लांबवतोस. मला मात्र ओळखलं नाहीस. विचारलंस, "मोर्सवर हात छान बसलाय. कसं शिकलात?"

मी वाजवलं, "लाकडी कानांनी."

तू वाजवलंस, "क्रांती?" मी मस्त चहा टाकला.

हे पत्र पाठवत नाही. सांगायचं ते पोचलंय.

क्रांती