वाघबारशीला कोणी गेलं नाही

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

आज सकाळी साडेदहा वाजता, वांगणीत, माझा विश्वासघात झाला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या – तक्रारीत आधी तारीख आणि वेळ, रडणं नंतर. पुढे मी शिक्षिका झाले, मुलींना तेच शिकवलं. म्हणून वेळ आधी.

जव्हारहून दोन जीप भरून आम्ही नऊ जणी गेलो. पाड्यावर सगळीकडे कुलपं. माणसं कालच वीटभट्टीवर गेली. रुपीसुद्धा. ती यंदा दहावीला आहे.

म्हातारा पोश्या तेवढा ओट्यावर होता. "आता आल्या व्हय? कोंबड्यांना शिकवा आता." कुठली भट्टी, ते त्यालाही ठाऊक नाही.

२६ ऑक्टोबर

योजना माझी. सहा महिने खपून आखलेली. आईबाप भट्टीवर जातील, मुलगी मागे वसतिगृहात राहील, आणि जव्हारमधली एक बाई तिची सोबतीण होईल. अभ्यास, दुखणंखुपणं, आईबापांना निरोप, सगळं तिच्याकडे. पण आधी तिने घरी जाऊन शब्द द्यायचा. तोही वाघबारशीला, म्हणजे वसुबारसेच्या दिवशी! त्या दिवशी अख्खा पाडा वाघदेवापाशी असतो, तिथे दिलेला शब्द कोणी मोडत नाही. दिवाळी सरली की भट्टीच्या मुकादमाचा टेम्पो आलाच. हे मी लाल शाईने लिहून दिलं होतं.

अवंतीने तारीख भाऊबीजेनंतर ढकलली. ही माझी विद्यार्थिनी, आता योजना चालवणाऱ्या संस्थेची कार्यक्रमप्रमुख. कारण काय, तर सोबतिणींचा फराळ व्हायचाय. माणसं भाकरीसाठी गाव सोडतात आणि यांच्या करंज्या अडतात.

२८ ऑक्टोबर

अवंतीचा फोन. "बाई, तुम्हाला विचारूनच तारीख बदलली."

खोटारडी. हिला मी निबंधात पैकीच्या पैकी दिले होते.

२९ ऑक्टोबर

तिने माझाच मेसेज मला परत पाठवला. सतरा तारीख, वाघबारशीचीच, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. 'बरं. तोवर माझ्या चकल्याही होतील.'

असेल. पण प्रमुख ती, मी नव्हे.

३ नोव्हेंबर

संस्थेला पत्र दिलं. तारीख कोणी बदलली, मुली परत कशा आणणार – दहा तारखेपर्यंत लेखी उत्तर हवं. पोच घेतली. कारकून म्हणाला, "बाई, बसा, चहा घ्या." चहा नको, शिक्का मार म्हटलं.

बाकीच्या आठ सोबतिणींपैकी एकीनेही सही केली नाही. वनमाला म्हणाली, "आपणही गेलो नाहीच ना, ताई." तिला दारातूनच वाटेला लावलं.

८ नोव्हेंबर

संस्थेचं काही नाही. धनेश जीपवाल्याने भट्टीवरून आलेलं वहीचं दुमडलेलं पान आणून दिलं. रुपीचं अक्षर. तिची सोबतीण मी. पान इथे चिकटवते.

'प्रति, बाई.

दिनांक १७ ऑक्टोबर, सकाळी ८ ते दुपारी ४. मी जीपच्या थांब्यावर उभी होते. आई वाघदेवापाशी थांबली होती. बाबा म्हणाला, बाई येऊन बोलली तर पोरीला ठेवतो. जीप तीन आल्या. तुम्ही आला नाहीत. का आला नाहीत, ते कळवावे.

लेखी उत्तर १५ नोव्हेंबरच्या आत मिळावे. त्यानंतर आम्हाला दुसऱ्या भट्टीवर नेणार आहेत.'