एका मशीनपुरता पासवर्ड

गडचिरोली,
२४ एप्रिल २०२५

प्रिय लालसूभाऊ,

जोहार, आणि माझ्या घरून जय भीम.

तुमचा जुना नंबर लागत नाही, म्हणून हे पत्र दुर्गाच्या हाती पाठवते आहे. ती तुमच्या जागी आलेली ऑपरेटर, तुमच्याच गावाकडची. घरी सगळे बरे असतील. मोहा यंदा कसा पडला? मी आहे तशीच आहे. तुम्ही चिडवायचात, तशी अजून दर वाक्याला ‘का’ विचारते. वरोऱ्याहून आई फोनवर म्हणते, “तुनं पोलिसात जाले पाह्यजे होतं, पोरी.”

एक नवी गोष्ट सांगते. आता तालुक्याच्या ऑपरेटरांना सॉफ्टवेअर टाकायच्या पासवर्डसाठी माझ्या हातापाया पडावं लागत नाही. आठवतं ना, एका स्कॅनरसाठी तुम्ही सहा-सहा दिवस माझ्या फोनची वाट पाहायचात? आता एक यादी आहे. नवं सॉफ्टवेअर आलं की मी ते आधी वेगळ्या मशीनवर तपासते. चांगलं निघालं की यादीत. मग ते कोणीही, कुठल्याही मशीनवर, न विचारता टाकावं. यादीबाहेरचं मात्र मशीनच घेत नाही, मग पेनड्राइव्ह लावा नाहीतर डोकं आपटा. पासवर्ड कोणालाच द्यावा लागत नाही.

आपल्या खुशालसाहेबांना वाटतं, ही माझी हुशारी. ती कुठे सुचली ते ऐका.

पंधरा दिवसांपूर्वी दुर्गाच्या गावी कॉम्प्युटर बसवायला गेले होते. आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडलेला. मी एक उचलून तोंडाला लावणार, तोच दुर्गाच्या आजीनं, सोमारीबाईंनी, माझा हात धरला.

“खाऊ नको बाई. पंडुम नाई झाला.”

“म्हणजे काय?”

“गायता पयले देवाले दाखवते. मंग आंबा मोकळा.”

“मग नंतर दर झाडापाशी विचारायचं?”

बाई हसल्या. “एकदा मोकळा झाला का साऱ्यायले मोकळा. कोणाले काऊन विचाराचं?”

पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण आणि गायता म्हणजे गावचा पुजारी, हे मला दुर्गानं समजावलं. तुम्हाला मी काय सांगणार! मी कैरी गुपचूप खाली ठेवली. परतीच्या एसटीत मला दोन वर्षांपूर्वीची चौकशी आठवली, आणि तुमचं तिथलं वाक्य: “एकावर चालवून पाह्यलं होतं ना साहेब, मंग बाकीच्यायवरबी चालते.” चौकशीला बसलेले तिघे हसले होते. मीही हसले होते.

वनहक्काचे दावे स्कॅन करायची मुदत संपत आली होती. स्कॅनरचं सॉफ्टवेअर मी तपासलेलं होतं, ते तुम्ही एका मशीनवर टाकलंत आणि ते नीट चाललं. नेट रडत होतं, म्हणून उरलेल्या नऊ मशीनसाठी तेच सॉफ्टवेअर बाजारातल्या दुकानातून पेनड्राइव्हवर आणलंत. त्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि चार दिवस सगळं ऑफिस बंद पडलं. तुमच्या लेखी आंबा मोकळा झाला होता. ‘या एकाच मशीनपुरतं’ असं मी तुम्हाला म्हटलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही.

इथवर लिहिणं सोपं होतं. पुढचं लिहिताना तीन कागद फाडले.

पासवर्ड कुठून आला, असं साहेबांनी विचारलं. तुम्ही खाली पाहिलंत. मग मला विचारलं. मी म्हणाले, “मला कल्पना नाही.” तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून म्हणाले. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि तरी बोलला नाहीत. कागदावर ‘पासवर्ड चोरला’ असं चढलं आणि तुमचं काम गेलं. मला माझ्या नोकरीची भीती वाटली, भाऊ. मी भित्री निघाले, आणि त्याची मला फार लाज वाटते.

मागच्या आठवड्यात ऑपरेटरच्या नव्या जागेचे अर्ज टेबलावर आले. तुमचा बाजूला काढून ठेवलेला, आणि कोपऱ्यात लाल शाईनं तेच दोन शब्द. दोन वर्षं ते तुमच्या मागे फिरताहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

आज सकाळी मी साहेबांना लेखी दिलं, की पासवर्ड मीच फोनवर सांगितला होता. त्यांनी दोनदा वाचलं.

“हर्षा, परत घ्याचं असन तर आत्ताच घे. तुह्यावर येईन हे.”

“लालसूभाऊंचा अर्ज घेणार का?” मी विचारलं.

“घ्यावाच लागते मंग.”

मी पोच घेतली. तिची प्रत सोबत आहे. मुलाखत सोमवारी अकरा वाजता आहे, येताना ती आणा. मी त्या दिवशी माझ्या खुर्चीवर असेन की नाही, ठाऊक नाही. नसले तरी तुम्ही या.

एक विचारायचं आहे. त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं? उत्तर मागायचा हक्क मला नाही, पण दोन वर्षं हाच प्रश्न माझ्यासोबत जेवतो, झोपतो.

खाली ‘तुमची हितचिंतक’ असं लिहिलं होतं. ते खोडलं आहे.

तुम्हाला पासवर्ड देणारी,
हर्षा