सासूबाईंची खिडकी आभाळी रंगात बुजवण्यास हरकत

प्रति,
मा. मुख्य नगररचनाकार,
नवे प्रशासन भवन, सातवा मजला

विषय : आमचा वरचा मजला चौकातून दिसू नये, या आदेशाबाबत.
संदर्भ : आपली नोटीस व आपल्या अभियंत्यांची समक्ष भेट.

महोदय,

मी नव्या चौकामागे लाँड्री चालवते. नोटिशीप्रमाणे, आपल्या भवनाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की डावीकडे प्रार्थनागृहाचा घुमट, उजवीकडे कंपनीचा टॉवर आणि मधे निव्वळ आभाळ दिसायला हवं. त्या आभाळात आमचा वरचा मजला घुसतो. तिथे माझ्या सासूबाई राहतात. कमरेखालून अधू आहेत. त्यांना जे जग आहे ते खिडकीतून.

आपले अभियंते मोठ्या मनाने म्हणाले, पाडत नाही, आभाळी रंग देऊ. फक्त खिडकी बुजवावी लागेल, कारण आभाळाला खिडकी शोभत नाही. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं सूनबाई, हे मला जिवंतपणीच वर धाडतायत! चहा तरी पाज त्यांना." अभियंते चहा पिऊन माप घेऊन गेले.

साहेब, स्पष्ट लिहिते. घुमट देवाचा म्हणता, तर देवाला एका म्हातारीची खिडकी खुपते का? भवन आम्हा लोकांचं म्हणता, पण पायऱ्या अशा बांधल्यात की चढताना मान आपोआप खाली जाते. कंपनीच्या काचेत अख्खा रस्ता दिसतो, आत कोण बसलंय ते मात्र दिसत नाही. तिघांनी मिळून एवढं उंच व्हायचं आणि अडचण आमच्या एका मजल्याची?

या खिडकीतून पूर्वी नदी दिसायची. आता आपला सातवा मजला दिसतो. आपलाच नियम लावायचा तर सासूबाईंच्या नजरेच्या आड येणारे मजले आधी उतरवावेत. ते जमणार नसेल तर एकदा येऊन त्यांच्या खाटेवर पडून बघा आणि मग खिडकी बुजवायचा हुकूम स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगा.

तोवर रंगाऱ्यांना मी जिना चढू देणार नाही. चौकाच्या उद्घाटनाच्या दिवशी सासूबाईंना धुतलेलं लुगडं नेसवून, पाठीला उशी देऊन मी खिडकीत बसवणार आहे. पाहुण्यांनी विचारलं, आभाळात ती बाई कोण, तर आपण एवढंच सांगावं : ती इथे राहते.

उत्तर लेखी द्यावे, ही विनंती.

आपली नम्र, पण न हलणारी,
(सही)
लाँड्रीवाली, चौकामागील घर
दिनांक : नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत : नोटिशीची प्रत, खिडकीतून काढलेला आपल्या भवनाचा फोटो.