तुझ्या अक्षरातला मी

प्रिय दादा,

गेले चार महिने या घरात मी तू होऊन राहिलोय. झालं, बोललो एकदाचं. शिव्या घालायच्या तर घाल, पण पत्र संपल्यावर, आणि तोवर घरी फोन करायचा नाही. तुझा पत्ता आत्याच्या पर्समधल्या पाकिटावरून उतरवलाय, तिला न विचारता. म्हणजे गुन्हे दोन झाले, पण दुसरा किरकोळ आहे.

बाबा पडले होते, हे आत्याने तुला कळवलंच असेल. जन्मभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना साध्या शिडीवरून घसरले. नडगीचं हाड मोडलं, मांडीपर्यंत प्लास्टर. दोन महिने खाटेवर. तो माणूस खाटेवर म्हणजे काय, तुला सांगायला नको. पंखा आवाज करतो, शेजाऱ्याचं दार कुरकुरतं, चहात पाणी जास्त, आणि या सगळ्याचं कारण मी. मला दिवसातून दोनदा चालता हो म्हणायचे. तुला आयुष्यात एकदाच म्हणाले आणि तू खरंच चालता झालास. अरे, ते म्हणायचं असतं, करायचं नसतं! तीन वर्षं झाली.

शेवटी आई वैतागली. तुझ्या खणातलं ते दोन पडद्यांचं खेळाचं यंत्र काढलं आणि त्यांच्या छातीवर ठेवलं, घ्या, आता याच्याशी भांडा. ज्या खुळखुळ्यापायी त्यांनी तुला कामावर, चार मेकॅनिकांसमोर कानाखाली मारली, तोच. मला वाटलं आता भिंतीवर आपटतात. पण चालू केलं तर पहिलाच तुझा लिफ्टचा खेळ निघाला, तू स्वतः केलेला, माणसं गोळा करत वर न्यायची तो. दोन दिवस तोच खेळले. तिसऱ्या दिवशी ओरडले, की दार पुरतं लागायच्या आत लिफ्ट सुटते, माणूस चिरडेल, हिला पास कोणत्या गाढवाने केलं? जेवताना तेच, आईला तेच, औषध द्यायला आलेल्या कंपाउंडरलाही तेच. कंपाउंडर बिचारा म्हणाला, काका, मी जिन्यानेच येतो.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. तुझा जुना लॅपटॉप माझ्याकडेच आहे. तू मला शिकवलं होतंस आठवतं? कंपनीचे नाहीत, लोकांनी घरी बसून केलेले प्रोग्राम, होमब्रू म्हणायचास तू. यंत्रावर त्यांची यादी उघडायची, एक बटण दाबायचं, खाली आकडा येतो, तो लॅपटॉपवर टाकायचा की प्रोग्राम हवेतून जाऊन यंत्रात बसतो. वायर नाही, काही नाही. मला प्रोग्राम लिहिता येत नाही. तुझ्या प्रोग्राममधलं चित्र काढून दुसरं घालता येतं, बस. यंत्राला मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून मी एक कागदच चित्र म्हणून घातला. तुझी वही समोर ठेवून, तुझ्या त्या आडव्या पडलेल्या अक्षरात लिहिलं, बाबा, तक्रार मिळाली, दार दुरुस्त करतो. ते दुपारी घोरत होते तेव्हा हळूच यंत्राचं बटण दाबून पाठवून दिलं आणि दाराआड तोंडात रुमाल कोंबून उभा राहिलो. आता बोंब ठोकतील, मग मी हसेन, मग मला चप्पल बसेल, असा सरळ हिशोब होता.

बोंब ठोकलीच नाही रे. आईकडे चष्मा मागितला. बराच वेळ बघत बसले. मी आत गेलो तर यंत्र उशीखाली सरकवलं, एखाद्या पोराने सिगरेट लपवावी तसं. संध्याकाळी मला जवळ बोलावलं. मला! आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, याला वायर लागत नाही का. म्हटलं नाही, हवेतून येतं. किती लांबून येतं? तेव्हाच सांगायला हवं होतं, की फार लांबून नाही, माझ्या गादीखालच्या लॅपटॉपमधून. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, कुठूनही.

तुला तर माहितेय, दोन्ही एकाच वायफायवर लागतात. कुठूनही नाही, भिंतीपलीकडूनच येतं ते. मी भिंतीपलीकडेच होतो. पण तिकडे कोण बघतो.

पुढच्या कागदावर मी लिहिलं, रोज चार वाजता हे बटण दाबून ठेवा. झालं. तीन वाजल्यापासून घड्याळाकडे मान. पावणेचारला आईकडून कंगवा. यंत्रावरच्या चित्र काढायच्या पाटीवर ते उत्तरं लिहायचे, त्या काडीने, एवढ्या जाड बोटांनी. दुसऱ्या दिवशी आई त्यांचं अंग पुसायला घेई तेव्हा मी ती पाटी लॅपटॉपवर ओढून घ्यायचो. एकदा आईने इस्त्रीसाठी वायफायचा प्लग काढला आणि कागद अर्ध्यात तुटला. बाबा पाचपर्यंत रिकामा पडदा धरून बसले. मग आईला म्हणाले, मोठा कामात असेल. कधी मला घरी यायला पाच मिनिटं उशीर झाला तर सगळं खानदान काढतात.

शाळेत एक पान शुद्धलेखन काढलं नाही मी, आणि तुझा र गिरवून गिरवून बोटाला घट्टा पडला. तू तीन वर्षांत एक ओळ पाठवली नाहीस घरी. मी त्या खाटेच्या दिवसांतच तुझ्या नावाने एकोणचाळीस कागद पाठवले. बाबांचा पॉट मी काढायचो, पाठ मी चोळायचो, संडासापर्यंत खांद्यावर मी न्यायचो, आणि चार वाजता सांगायचे आईला, बघ, लांब राहून किती काळजी आहे पोराला. हसू आलं ना? मला पण यायचं पहिल्यांदा.

मग एक दिवस त्यांनी लिहिलं, भोपळ्याचं काय करू? तुझ्यासारखं डोकं नाही, दिवसभर दात काढत हिंडतो, माझ्यामागे काय होईल त्याचं. तू ठेवलेलं नाव, दादा, गणितात भोपळा मिळाला म्हणून. घरात अजून तेच चालतं. मी ते वाचलं आणि दोन दिवस काही पाठवलंच नाही. तिसऱ्या दिवशी तू उत्तर दिलंस. तू लिहिलंस, त्याला कामावर न्या, हात चांगला आहे त्याचा, आणि तो वाटतो तेवढा उनाड नाही. हे लिहिताना मान वर करायची लाज वाटत होती, खोलीत कोणी नसताना. त्यांचं उत्तर आलं, तू म्हणतोस म्हणून.

तू म्हणतोस म्हणून, दादा, प्लास्टर निघाल्यापासून मी त्यांच्याबरोबर जातोय. ब्रेकचे पट्टे बदलायला शिकलो. परवा एका इमारतीत लिफ्ट मधेच अडकली, आत बाई आणि तिचं तान्हं. बाबांचा पाय अजून वाकत नाही म्हणून वर मशीनच्या खोलीत मी गेलो, हाताने चाक फिरवत मजल्याला आणली. खाली आलो तर ते वॉचमनला सांगत होते, माझ्या मोठ्याने शिफारस केली होती याची. पाना माझ्या हातात होता.

आता हे पत्र का, ते ऐक. तू पुढच्या रविवारी येतोयस असं काल आत्याने आईला सांगितलं. बाबांना त्याचं नवल सुद्धा वाटलं नाही, म्हणाले, माझं बोलणं असतं त्याच्याशी. ते तुला जवळ बसवून सगळं काढतील, म्हणून पाठ कर. तू सिगरेट सोडलीस. तुझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. त्यांनी लिहिलं होतं की हात उचलायला नको होता, आणि तू लिहिलंस, मी ते केव्हाच विसरलो. तू विसरला नसशील. पण मी तुझ्या वतीने माफ करून बसलोय, आणि तेव्हापासून ते रात्री झोपतात. तू नाही म्हणालास तर त्यांच्याकडून तूही जाशील आणि मीही. आईला सांगू नकोस, आत्याला नको, तुझ्या एखाद्या मित्राला गंमत म्हणूनही नको. पत्र जाळून टाक. अक्षर तुझंच आहे म्हण, दादा, मी पाया पडतो, कुणाला सांगू नकोस.

तुझाच,
भोपळ्या