तुझ्या खोलीतले नवे पॉइंट

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं हातीपायी धड आहोत. फोनवर मोकळं बोलायची सोयच राहिलेली नाही. तुझा फोन आला की तुझे बाबा स्पीकर लावतात, खुर्ची ओढून बसतात, आणि माझ्या वाट्याला ‘जेवलीस का’ एवढंच उरतं. म्हणून हा कागद.

तुझ्या खोलीचं काम जोरात चाललंय. तू सहज म्हणालीस, बाळाला घेऊन राहायला येईन, पण त्या खोलीत एकच प्लग आहे, कसं व्हायचं? झालं! दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन तुझे बाबा भिंतीला भिडले. तुझ्या कॉम्प्युटरला एक पॉइंट, बाळाच्या दुधाला एक, हीटरला एक. मी म्हटलं, आता वय झालं, एखादा वायरमन बोलावू. तर म्हणाले, अख्ख्या गल्लीची लाइन मी ओढली आणि माझ्याच घरात दुसरा हात घालणार? मग काय, घरभर सिमेंटची धूळ. मशीनवर शिवायला घेतलेला पांढरा फ्रॉक राखाडी झाला, गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू ते तूच सांग. पण खरं सांगते, त्यांना असं शीळ घालत काम करताना बघून मला बरंच वाटत होतं. एक पॉइंट त्यांनी कपाटाच्या मागे काढला तेव्हाही मी चिडवलं, की हा काय झुरळांसाठी का. ते हसले नाहीत. कपाटाकडे बघत राहिले, जणू ते तिथे कुणी आणून ठेवलं हेच त्यांना कळेना.

त्यांची कामाची रीत तुला ठाऊक आहे. आधी मेनवरचा फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकायचा, म्हणजे ते तारांना हात घालून बसलेले असताना कुणी वेंधळ्यानं तो परत बसवू नये. परवा मी भिंत पुसायला गेले. विचारलं, लाइन बंद आहे ना? त्यांनी खिशावर थाप मारली. खिशात फ्यूज होता, मला दिसत होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्या खिशावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, तसाच तेव्हाही ठेवला. ओलं फडकं उघड्या बोर्डाला लागलं आणि मी अशी फेकली गेले की थेट पलंगावर. नशीब, पलंग तिथेच होता. दंडाला अजून मुंग्या येतात. उठून मेनपाशी गेले तर फ्यूज जागच्या जागी! खिशातला कुठल्याशा डब्यातला जुना होता. खिशात टाकायचं लक्षात राहिलं, मेनवरचा काढायचं विसरले. ते स्वतः सकाळपासून त्याच तारांशी झटत होते, कसे वाचले देव जाणे. मी पडले तेव्हा त्यांची पाठ होती माझ्याकडे. मी सांगितलं, पाय घसरला. बघून चालत जा, म्हणून उलट मलाच बोलले.

मग ते केस कापायला गेल्यावर मी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या वायरमनला गुपचूप बोलावलं. तोच, आता टक्कल पडलेला. त्यानं एकेक बोर्ड उघडून बघितला आणि म्हणाला, सगळे नवे पॉइंट दिव्याच्या बारीक वायरवरून घेतलेत. त्यावर हीटर लावला तर वायर भिंतीतल्या भिंतीत तापून पेट घेईल. हीच चूक केली म्हणून बाबांनी एकदा त्याला भर कामावरून हाकललं होतं म्हणे. सगळं उपसून नव्यानं टाकेपर्यंत त्या खोलीत कुणी झोपू नका, असं बजावून गेला.

संध्याकाळी मी त्यांना हळूच विचारलं, बोर्ड एवढे उंच का घेतलेत, माझा हातसुद्धा पुरत नाही. तर म्हणाले, ठमी रांगायला लागलीय, कुठे बोटं घालेल नेम नाही. मला वाटलं जीभ घसरली, बाळाबद्दल म्हणत असतील. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, झोपली का ती? घरात आम्ही दोघंच होतो, ठमे. झोपली, म्हटलं. जेवताना पुन्हा अगदी नीट होते, तू कोणत्या गाडीनं येणार ते विचारत होते.

म्हणून लिहिते आहे. बाळाला घेऊन इतक्यात येऊ नकोस. रजा मिळत नाही म्हण, काहीही म्हण, पण तू स्वतः सांग. माझ्या सांगण्यानं त्यांचा हात थांबत नाही, तू येणार नाहीस म्हटल्यावर थांबेल. हिरमुसतील, चार दिवस माझ्याशी बोलणार नाहीत, मी बघून घेईन. मग जावईबापूंकडे बाळाला ठेवून तू एकटी ये आणि त्यांना डॉक्टरकडे ने. मी डॉक्टरचं नाव काढलं की दार आपटून निघून जातात, तुझा शब्द मोडणार नाहीत. मला फार भीती वाटते गं. लेकीला घरी येऊ नकोस म्हणायची वेळ माझ्यावर येईल, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. रागावलीस तरी चालेल. पण बाळाला आणू नकोस.

तुझी वाट बघणारीच,
आई